पुश-इन की वायर नट? तारा जोडताना या चुका टाळा

जोड जळाला की पहिला दोष कनेक्टरवर येतो. पीळ मारण्यात हात बसलेले वायरमन म्हणतात, ‘ढकलून बसवायचे कनेक्टर कच्चेच.’ पुश-इनची सवय झालेले वायर नटला जुनाट ठरवून मोकळे होतात. मी आजवर जळालेले जे जोड उघडले, त्यांतल्या बहुतेकांत कनेक्टर चांगला होता. त्यात चुकीची तार गेली होती, किंवा बरोबर तार अर्धवट गेली होती. म्हणून निवडीची सुरुवात कनेक्टरपासून करू नका. आधी तारेचं टोक सोलून पाहा.

दोन्हींची रचना एकदा समजली की चुका आपोआप दिसू लागतात. वायर नट म्हणजे निमुळती प्लास्टिकची टोपी, आत तशीच निमुळती स्प्रिंग. टोपी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवली की स्प्रिंगच्या कडा तांब्यात रुततात आणि तारा एकमेकींवर आवळल्या जातात. वीज मुख्यतः तारेतून थेट तारेत जाते. पुश-इनमध्ये तारा एकमेकींना शिवतही नाहीत. प्रत्येकीला स्वतंत्र भोक असतं आणि आतली पट्टीची स्प्रिंग प्रत्येक तारेला एकाच धातूच्या पट्टीवर दाबून धरते. म्हणजे वायर नटमध्ये सगळ्या तारांची मिळून एक घट्ट मोळी व्हायला हवी, तर पुश-इनमध्ये प्रत्येक तार स्वतःच्या भोकात नीट बसायला हवी.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे बारीक पदरांची मल्टिस्ट्रँड तार साध्या पुश-इनमध्ये कोंबणं. सॉलिड तार, म्हणजे एकाच जाड पदराची, ताठ असते, ती स्प्रिंगला स्वतःच बाजूला सारून आत जाते. मल्टिस्ट्रँडचे पदर तोंडाशीच दुमडतात. थोडे आत जातात, थोडे मागे फिरतात. हलकं ओढून पाहिलं तर तार धरलेलीही वाटते, दिवाही लागतो. पण सगळा भार त्या आत गेलेल्या मोजक्या पदरांवर येतो. अशा तारेसाठी लिव्हरवाला कनेक्टर घ्या. त्यात लिव्हर उचलल्यावर स्प्रिंग पूर्ण उघडते, तार आरामात आत जाते आणि मग लिव्हर खाली दाबायचा. किंवा वायर नट वापरा, पण पाकिटावर त्या जाडीच्या मल्टिस्ट्रँडचा उल्लेख आहे ना ते पाहून. काही जण सोल्डर लावून टोक कडक करतात. ते करू नका. सततच्या दाबाखाली सोल्डर हळूहळू सरकतं, आणि आज घट्ट असलेली पकड कालांतराने सैल होते. टोक कडक करायचंच असेल तर क्रिंप केलेली फेरूल, म्हणजे टोकावर दाबून बसवलेली धातूची छोटी नळी, वापरा, तीही कनेक्टर बनवणाऱ्याने चालेल म्हटलं असेल तरच.

तार किती सोलायची हा प्रश्न अंदाजावर सोडू नका. वॅगो कंपनीच्या २२१ मालिकेतला ४ चौरस मिमीपर्यंतच्या तारेचा लिव्हर कनेक्टर ११ मिमी मागतो, त्याच मालिकेतला ६ चौरस मिमीचा मोठा कनेक्टर १२ ते १४ मिमी. कमी सोललं तर स्प्रिंग तांब्याऐवजी प्लास्टिकवर बसते. जास्त सोललं तर उघडं तांबं बाहेर राहतं. बरेच पुश-इन आणि लिव्हर कनेक्टर पारदर्शक असतात. तारेचं टोक पार पुढे पोचलं का, हे बॉक्स बंद करण्याआधी डोळ्यांनी पाहा. आणि सोलताना ब्लेडने तांब्यावर चीर पडली असेल तर ते टोक कापून पुन्हा सोला. सॉलिड तार नेमकी तिथेच तुटते.

वायर नटच्या बाबतीत लोक रंगावर भरवसा ठेवतात. ‘पिवळी टोपी म्हणजे इतक्या तारा’ असा सर्वांना लागू होणारा नियम नाही; एका कंपनीचा पिवळा दुसरीच्या पिवळ्याइतका असेलच असं नाही. पाकिटावरच्या तक्त्यात कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती तारा चालतील ते दिलेलं असतं. लोक जास्तीची मर्यादा पाळतात आणि कमीची विसरतात. मोठ्या टोपीत दोनच बारीक तारा असतील तर स्प्रिंग त्यांच्यात रुततच नाही. सॉलिड आणि मल्टिस्ट्रँड एकत्र जोडताना मल्टिस्ट्रँडचं टोक किंचित पुढे ठेवा, नाहीतर टोपी फिरवताना ते मागे सरकतं आणि टोपीत फक्त सॉलिड तार घट्ट होते. शेवटी प्रत्येक तार वेगळी धरून ओढा. सगळा जुडगा एकदम ओढल्यावर सैल तार बाकीच्यांच्या आधाराने टिकून राहते. टोपीवर इन्सुलेशन टेप गुंडाळून कच्चा जोड पक्का होत नाही, फक्त दिसेनासा होतो.

एवढा आग्रह कशासाठी, ते आकड्यांतून पाहा. जोडात तयार होणारी उष्णता म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. चांगल्या जोडाचा रोध ०.००१ ओहम धरला, तर १६ अँपिअरला पाव वॅटच्या आसपास उष्णता होते. तोच जोड सैल होऊन रोध ०.१ ओहम झाला की २५ वॅटपेक्षा जास्त. हे एका छोट्या सोल्डरिंग आयर्नइतकं आहे, तेही बंद बॉक्समध्ये. एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की वीज तोडणारा स्विच) मात्र ट्रिप होत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो. आरसीसीबीलाही (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) गळती दिसत नाही. सैल जोडाची खबर आपल्या डोळ्यांना, कानांना आणि नाकालाच लागते.

मोठं उपकरण सुरू झालं की दिवे फडफडणं, बोर्डातून चरचर येणं, कव्हर पिवळसर-तपकिरी होणं, जळक्या प्लास्टिकचा वास या त्या खुणा. वास किंवा चरचर असेल तर वाट पाहू नका, मेन स्विच बंद करा. आणखी एक खूण भल्याभल्यांना चकवते: सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो. बहुतेक वेळा याचा अर्थ न्यूट्रलचा जोड सुटला आहे, आणि चालू ठेवलेल्या उपकरणातून फेज परत न्यूट्रलच्या तारेवर येतो आहे. पुढची सगळी उपकरणं काढली आणि न्यूट्रलमधला टेस्टर विझला, तर शंका पक्की. बिघाड बहुधा शेवटच्या चालणाऱ्या पॉइंटच्या आणि पहिल्या बंद पॉइंटच्या बॉक्समध्ये, नाहीतर त्यांच्या मधल्या जंक्शन बॉक्समध्ये सापडतो. उघडण्याआधी वीज बंद करा. टेस्टर आधी चालू असल्याची खात्री असलेल्या पॉइंटवर लावून बघा, मगच त्याच्या ‘वीज नाही’वर विश्वास ठेवा.

मग निवडायचं काय? सॉलिड तारा आणि छोटा बॉक्स असेल तर मी पुश-इन घेतो. मल्टिस्ट्रँड असेल, वेगवेगळ्या जाडीच्या तारा असतील किंवा दिवा पुढे बदलला जाणार असेल तर लिव्हर. वायर नट ज्याच्या हातात बसला आहे त्याने तो सोडायचं कारण नाही. शिडीवर उभं राहून चार तारा एका हाताने धरायच्या असतील, तर मात्र तो फार त्रास देतो. कुठलाही घ्या, त्यावर लिहिलेली अँपिअर आणि तापमानाची मर्यादा पाळा. वेगळ्या जाडीच्या तारा जोडता आल्या तरी एमसीबी सर्वांत बारीक तारेच्या क्षमतेचाच हवा.

पुश-इनमधून तार काढायची वेळ आली तर ती डावी-उजवीकडे फिरवत ओढा, आणि स्प्रिंगने ओरखडलेलं टोक कापून टाका. असा कनेक्टर मी परत वापरत नाही. आधी जाड तार बसलेल्या भोकात बारीक तार तर मुळीच घालू नये.

जुन्या वायरिंगमध्ये रुपेरी तार दिसली तर लगेच हात घालू नका. आधी टोक खरवडून पाहा, कारण कल्हई केलेलं तांबंही वरून रुपेरीच दिसतं. आतूनही पांढरी निघाली तर ती ॲल्युमिनियमची. तिच्यावर ऑक्साइडचा थर झटकन चढतो, तो वीज नीट वाहू देत नाही, आणि बहुतेक कनेक्टर फक्त तांब्यासाठीच असतात. तांब्याशी तिचा जोड द्यायचा तर त्यासाठीच मान्यता असलेला कनेक्टर आणि सांगितलेली पेस्ट लागते. हे काम अनुभवी वायरमनकडूनच करून घ्या. आणि जोड कुठलाही असो, तो बॉक्समध्येच ठेवा आणि बॉक्सचं झाकण प्लास्टरखाली बुजवू नका.