पॅकेजमधलं ‘सगळं’ म्हणजे नेमकं काय?

गोव्यातल्या ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ रिसॉर्टला पैसे भरण्याआधी ईमेलवर लिहून घ्या: कोणत्या दिवशी कोणतं जेवण, बाटलीबंद पाणी धरलंय का, एक्स्ट्रा बेड म्हणजे पलंग की जमिनीवरची गादी. चेक-इन दोनला आणि बुफे तीनला बंद, मग पहिलं जेवण हमखास हुकतं. जून-जुलैत स्वस्त मिळतं खरं. पण तेव्हा यांत्रिक मासेमारी बंद, किनाऱ्यावर लाल बावटे. ताजी सुरमई विसराच. खोलीत ओल असेल, एसी गळत असेल, तर बॅगा उघडण्याआधी व्हिडिओ काढा आणि रिसेप्शनला लगेच ईमेल करा. चेक-आउटला केलेल्या तक्रारीवर फार तर सरबत मिळतं! दाद लागलीच नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.