चोर घरात शिरला, हाताशी कोयता आहे: किती मारायचं आणि कधी थांबायचं

गावाकडे चोऱ्या वाढल्या की ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो, घरात घुसलेल्या चोराला मारून टाकलं तरी कायदा काही करत नाही म्हणून. हे अर्धंच खरं आहे, आणि या अर्ध्या माहितीवर विसंबून चांगली कष्टाळू माणसं खुनाच्या केसमध्ये अडकतात, घरदार कोर्टाच्या तारखांमध्ये संपतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी कलमं. १ जुलै २०२४ पासून आयपीसी, म्हणजे जुनी भारतीय दंड संहिता, जाऊन भारतीय न्याय संहिता आली, त्यामुळे स्वसंरक्षणाची जुनी ९६ ते १०६ ही कलमं आता ३४ ते ४४ झालीत, मजकूर बहुतेक तोच आहे. स्वतःच्या, दुसऱ्या कुणाच्याही, अगदी अनोळखी माणसाच्याही शरीराच्या बचावासाठी, आणि चोरी, दरोडा, घुसखोरी, नासधूस यापासून मालमत्तेच्या बचावासाठी बळ वापरायचा हक्क आहे. पण हा हक्क धोका अडवण्यापुरता आहे, शिक्षा द्यायला नाही, एवढं डोक्यात पक्कं बसलं की बाकीचं निम्मं आपोआप कळतं.

आता जीव जाईल एवढं बळ कधी चालतं? शरीरावरच्या हल्ल्यासाठी कलम ३८ आहे: हल्ल्यात मरण येईल किंवा गंभीर दुखापत होईल अशी खरी भीती असेल, बलात्काराचा किंवा अनैसर्गिक लैंगिक हल्ला असेल, पळवून नेत असतील, पोलिसांकडे जाताच येणार नाही अशी भीती वाटावी असं डांबून ठेवत असतील, ॲसिड टाकत असतील. मालमत्तेसाठी कलम ४१: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधीची घरफोडी, राहत्या घराला किंवा गोदामाला आग लावणं, किंवा साधी चोरी नाहीतर घुसखोरीसुद्धा पण अशी की अडवलं नाही तर कुणाचा तरी जीव जाईल किंवा गंभीर दुखापत होईल असं वाटावं. याच्या बाहेर, म्हणजे दिवसाढवळ्या मोटर चोरणारा, अंगणातून शेळी उचलणारा, बाईक घेऊन पळणारा, यांना धरा, झटापट करा, वस्तू सोडवा, पण जिवे मारायचा हक्क नाही म्हणजे नाही.

आणि रात्रीच्या घरफोडीतसुद्धा कलम ३७ डोक्यावर आहेच, बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता तर हा हक्कच मिळत नाही. माझं स्वतःचं मत याच्याही एक पाऊल पुढे आहे, कायद्याने मारता येतंय म्हणून मारावंच असं नाही. चोर मागच्या दाराने पळतोय तर पळू द्या, कपाटातले दागिने गेले तर गेले, मेलेला माणूस काही परत येत नाही.

मग प्रत्यक्ष वेळ आली तर करायचं काय. बाहेर खुडबुड ऐकू आली की आधी लाईट लावा, मोठ्याने ओरडा, शेजाऱ्यांना फोन, ११२ ला फोन, घरातली पोरं आणि म्हातारी माणसं एका खोलीत आणि दाराला आतून कडी. अंधारात कोयता घेऊन बाहेर धावू नका, समोरचा चोर आहे की लघवीला उठलेला आपलाच भाऊ हे कळायच्या आत हात चालतो. समोरासमोर आलाच तर "थांब, मागे हो" असं ओरडून सांगा, शेजाऱ्यांनीही ते ऐकलेलं असतं. त्याने हत्यार उगारलं तर मात्र तुम्ही पहिला घाव खायची वाट बघायची गरज नाही. कलम ४० सांगतं की भीतीला वाजवी कारण निर्माण झालं की हक्क सुरू होतो. पळून जाता आलं असतं मग पळाला का नाहीस असंही कोर्ट सहसा विचारत नाही, आणि त्या क्षणाला कुणी सोन्याच्या तराजूत तोलून घाव घालत नाही हे सुप्रीम कोर्टाने अनेकदा मान्य केलंय.

थांबायचं कधी, इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात. पंजाबच्या दोन केसेस बघा, दोन्ही शेतजमिनीच्या वादातल्या. २०१० च्या दर्शन सिंग केसमध्ये वडिलांच्या तोंडावर गंडाशाचा (कुऱ्हाडीसारख्या हत्याराचा) घाव बसल्यावर मुलाने लायसन्सच्या बंदुकीने गोळी झाडली, सुप्रीम कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं. आणि १९६२ च्या जय देव केसमध्ये समोरचे लोक पळत सुटल्यावरही गोळ्या चालू राहिल्या, तिथे कोर्ट म्हणालं की धोका संपला तिथेच हक्क संपला, आणि दोषी ठरवणं कायम राहिलं. म्हणजे चोर खाली पडला, हत्यार हातातून सुटलं, पाठ करून पळाला, हात बांधले, यातलं काहीही झालं की पुढचा प्रत्येक फटका हा तुमचा गुन्हा, मग पहिला कितीही बरोबर असो. चांगल्या हेतूने, आधी काही न ठरवता, बचाव करता करता हद्द ओलांडली गेली तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध धरतात, पण त्यालाही मोठी शिक्षा आहे, सुटका नाही.

पकडलेल्याला खांबाला बांधून गावाने मारायचं, हे तर अजिबातच नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता हा वेगळा कायदा आहे, त्याच्या कलम ४० प्रमाणे सामान्य माणसालाही डोळ्यादेखत गंभीर गुन्हा करणाऱ्याला पकडता येतं, पण ६ तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. १ जुलै २०१८ ला धुळ्याच्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं, एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर. मारल्या गेलेल्यांपैकी कुणीही कुणावर हल्ला केलेला नव्हता. गस्त घालायची तर जरूर घाला, पण अफवेवरून वाटलेली भीती म्हणजे वाजवी भीती नाही, आणि अनोळखी माणूस दिसला तर विचारपूस करा, पोलिसांना कळवा, बस.

दोन गोष्टी शेतकऱ्यांसाठी वेगळ्या सांगतो. कुंपणात थेट लाईन सोडू नका, ना रानडुकरासाठी ना चोरासाठी. बिहारच्या एका माणसाने संडासाभोवती उघडी जिवंत तार लावली, त्यात एक बाई गेली, १९६३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की घुसखोर असली तरी हा बचाव होत नाही, शिक्षा कायम. तारेला समोर कोण आहे ते कळत नाही, शेजारच्याचं पोरगं असू शकतं. झटका मशीन लावायचं तर कंपनीचं तयार आणि वर बोर्ड लावून. दुसरं बांधाचं भांडण: सातबारा तुमच्या नावावर असला तरी दुसऱ्याचा ताबा जुना आणि स्थिरावलेला असेल तर कुऱ्हाड घेऊन त्याला हाकलणं हे स्वसंरक्षण नाही, तिथे कोर्टच. ठरवून दोन्ही बाजू काठ्या घेऊन भिडल्या तर सहसा कुणालाच हा बचाव मिळत नाही.

हत्याराचं म्हणाल तर ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं आर्म्स ॲक्टमध्ये येतात, शेतीची आणि घरकामाची सोडून. ऊसतोडीचा कोयता शेतात चालतो, तोच डिक्कीत टाकून रात्री पुण्यात फिरलात आणि शस्त्रबंदीचा आदेश लागू असेल तर केस होते. गावठी कट्ट्याने जीव वाचवला तरी कट्ट्याची केस वेगळी चालते. बंदुकीचं लायसन्स शहरात पोलीस आयुक्तालयातून आणि इतरत्र जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतं, ट्रेनिंग घ्यावं लागतं, आणि ते बंदूक बाळगण्याचं लायसन्स आहे, गोळी झाडायचं नाही.

घडून गेल्यावर पहिला फोन ॲम्ब्युलन्ससाठी १०८ ला, समोरचा चोर असला तरी. रक्त वाहणाऱ्याला पडू देणं माणुसकीला धरून नाहीच आणि कोर्टातही ते तुमच्याविरुद्ध जातं. मग ११२. रक्त पुसू नका, कोयता धुऊ नका, जागचं काही हलवू नका. तुम्हाला ओरखडा जरी असला तरी सरकारी दवाखान्यात एमएलसी, म्हणजे पोलीस केससाठीची जखमांची डॉक्टरी नोंद, करून घ्या, आरोपीच्या अंगावरच्या जखमांचा खुलासा पोलिसांना देता आला नाही तर कोर्ट त्याची दखल घेतं. बचाव सिद्ध करायचा भार तुमच्यावर येतो, पण संशयापलीकडे वगैरे नाही, तुमचं म्हणणं जास्त शक्य वाटतं एवढं दाखवलं की पुरतं. जबाबात "मी मारलंच नाही" असं खोटं सांगू नका, नंतर स्वसंरक्षण म्हणायला तोंड राहत नाही, जे झालं ते क्रमाने सांगा आणि आधी वकिलाशी बोलायचंय असं सांगायचा हक्क वापरा. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, अटकेत असलेल्या कुणालाही तिथून फुकट वकील मिळतो.