पुढच्या मेंदूचा छेद वाचायचा कसा

पुस्तकातल्या आकृतीत थॅलॅमस जांभळा असतो, पुटामेन हिरवा आणि हिप्पोकॅम्पस लाल. ट्रेमध्ये ठेवलेल्या खऱ्या मेंदूत मात्र दोनच रंग दिसतात, करडा-तपकिरी आणि पांढरट. यादी करून पाठ केलेली नावं इथे अजिबात उपयोगी पडत नाहीत. उपयोगी पडतो तो शेजार. कुठलाही भाग त्याच्या डावी-उजवीकडे, वर-खाली काय आहे यावरून ओळखायचा. त्याचं कामही बहुतेक वेळा त्याच शेजारातून कळतं.

आधी हद्द ठरवून घ्या. गर्भाच्या चौथ्या आठवड्यात मज्जानळीच्या पुढच्या टोकाला तीन फुगवटे येतात. सर्वांत पुढच्या फुगवट्याचे पाचव्या आठवड्यात दोन होतात, टेलेन्सेफॅलॉन आणि डायएन्सेफॅलॉन. पहिल्यातून मोठ्या मेंदूचे दोन्ही गोलार्ध बनतात, म्हणजे कॉर्टेक्स (वरचा करडा थर), त्याखालचा पांढरा भाग, बेसल गँग्लिया (कॉडेट, पुटामेन असे आत खोलवरचे करडे गोळे), हिप्पोकॅम्पस, अमिग्डाला आणि वासाचे कंद. दुसऱ्यातून थॅलॅमस, हायपोथॅलॅमस, सबथॅलॅमस आणि पिनिअल. डोळ्याचा रेटिनाही याच दुसऱ्या भागाची बाहेर आलेली फांदी आहे, म्हणून दृष्टीच्या वाटा शोधताना डायएन्सेफॅलॉन पुन्हा पुन्हा भेटतो. सबस्टॅन्शिया नायग्राचं नाव बेसल गँग्लियाबरोबर घेतलं जातं, पण तो मध्यमेंदूचा भाग आहे. परीक्षेत इथे हमखास चूक होते.

तयारीत घाई केली की पुढचं सगळं बिघडतं. प्रौढ माणसाचा मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅमचा असतो. त्याच्या किमान दहापट १०% फॉर्मॅलिनमध्ये तो दोन-तीन आठवडे ठेवा, आणि तळाच्या बेसिलर धमनीखालून दोरा ओवून उलटा टांगा. बादलीच्या तळाशी टेकला तर ती बाजू चपटी होते आणि त्या चपट्या वळ्या (दोन खाचांमधले उंचवटे) पुढे ओळखता येत नाहीत. मेंदू पुरेसा मुरला नसेल तर आतला गाभा गुलाबी आणि लिबलिबीत राहतो, सुरीला चिकटतो, आणि नेमकी बेसल गँग्लियाची जागाच फाटते. कापण्याआधी रात्रभर वाहत्या पाण्याखाली धुवा. नायट्राइलचे हातमोजे आणि चष्मा घाला, खोलीत हवा खेळती ठेवा. काम थांबवाल तेव्हा मेंदूवर ओलं फडकं टाका.

वरची पातळ आवरणं काढायची ती मेंदू ओला असतानाच. बोथट टोकाचा चिमटा घ्या, एखाद्या मोठ्या रक्तवाहिनीपाशी आवरण पकडा आणि खाचेच्या दिशेने हळूहळू ओढा. खाचेला आडवं ओढलं की आवरणाबरोबर कॉर्टेक्सचे पापुद्रे निघतात. कॉर्टेक्सची जाडी जेमतेम २ ते ४.५ मिलिमीटर असते, त्यामुळे एक चुकीचा झटकाही महागात पडतो.

आता बाहेरून पाहणी. सल्कस म्हणजे खाच, लोब म्हणजे गोलार्धाचा मोठा विभाग. बाजूची खोल लॅटरल सल्कस लगेच सापडते, तिच्याखाली टेम्पोरल लोब असतो. सेंट्रल सल्कस मात्र भल्याभल्यांना चकवते. तीन खुणा एकदम जुळवा. ती वरच्या कडेपासून पुढे-खाली तिरपी उतरते, पण सहसा लॅटरल सल्कसला मिळत नाही. तिच्या दोन्ही अंगांना दोन लांब वळ्या समांतर धावतात. तिसरी खूण सर्वांत भरवशाची आहे: गोलार्धाच्या आतल्या बाजूला सिंग्युलेट सल्कस मागे जाऊन वर वळते आणि कडेपर्यंत पोचते, तिथून किंचित पुढे सेंट्रल सल्कसचं वरचं टोक असतं. पुढची वळी हालचालींची, मागची स्पर्शाची. पुढच्या वळीत मध्यावर एक गाठीसारखा उंचवटा दिसला तर तो विरुद्ध हाताच्या हालचालीचा भाग. सेंट्रल सल्कस चुकली की तिच्या पुढचा फ्रंटल आणि मागचा परायटल दोन्ही लोब चुकतात, म्हणून इथे दहा मिनिटं जास्त गेली तरी चालतील.

फ्रंटल लोबच्या खालच्या वळीचा मागचा भाग, बहुतेकांत डावीकडचा, म्हणजे ब्रोका क्षेत्र. पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये बोलणं गेलेल्या रुग्णाच्या मेंदूत इजा दाखवली ती इथेच. अशा रुग्णाला दुसऱ्याचं बोलणं बऱ्यापैकी समजतं, पण शब्द अडखळत, तुटक निघतात. कार्ल वेर्निके यांनी १८७४ मध्ये वर्णन केलेला भाग टेम्पोरल लोबच्या वरच्या वळीत मागे आहे. तिथे इजा झाली की बोलणं सुरळीत चालतं, पण त्यातला अर्थ हरवतो आणि दुसऱ्याचं बोलणं कळत नाही.

एकच मेंदू हाताशी असेल तर तो मधोमध दोन भागांत कापा. एका अर्ध्याच्या चकत्या करा, दुसरा पडताळणीसाठी अखंड ठेवा. मधला छेद घेताना गोलार्ध बोटांनी अलगद दूर करा, तळाशी पांढरा कॉर्पस कॅलोसम दिसेल. लांब, पातळ, ओली सुरी त्याच्या मध्यरेषेवर ठेवा आणि एकाच ओढीत खाली न्या. करवतीसारखी मागेपुढे केलीत तर पृष्ठभागावर पायऱ्या उमटतात. छेद बरोबर बसला की थॅलॅमसची आतली बाजू गुळगुळीत, चकचकीत दिसते, कारण ती तिसऱ्या पोकळीची (मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या पोकळ्यांपैकी एक) मूळची भिंत आहे. खरबरीत, मॅट पृष्ठभाग दिसला तर सुरी काही मिलिमीटर सरकून थॅलॅमसमध्ये शिरली, असं समजा.

आतली बाजू वाचताना कॉर्पस कॅलोसमपासून सुरुवात करा. दोन गोलार्धांना जोडणारे सुमारे २० कोटी तंतू यात आहेत. त्याच्या खाली लटकणारा पातळ पडदा म्हणजे सेप्टम पेल्युसिडम, आणि पडद्याच्या खालच्या कडेची पांढरी कमान म्हणजे फॉर्निक्स. फॉर्निक्सला कॉर्पस कॅलोसमचाच भाग समजू नका. ती हिप्पोकॅम्पसमधून बाहेर पडणारी वाट आहे, आणि पुढून खाली वळून ममिलरी बॉडीपर्यंत (हायपोथॅलॅमसच्या तळाचा छोटा गोल उंचवटा) जाते. तिच्या खाली उतरणाऱ्या खांबाजवळ एक छोटा पांढरा लंबगोल ठिपका दिसेल, ती अँटिरिअर कमिशर. खांब आणि थॅलॅमस यांच्यामधलं भोक म्हणजे मन्रोचं छिद्र. तिथून मागे जाणारी उथळ खाच शोधा: तिच्या वर थॅलॅमस, खाली हायपोथॅलॅमस. दोन्ही थॅलॅमसना जोडणारा करडा पूल काही माणसांत मुळातच नसतो, तेव्हा तो दिसला नाही म्हणून आपण तोडला असं लगेच मानू नका.

हायपोथॅलॅमस जेमतेम ४ ग्रॅमचा. पुढे ऑप्टिक काएझम (दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात ती जागा), मागे ममिलरी बॉडी, खाली पिट्युटरी ग्रंथीचा देठ. शेजाराचं महत्त्व इथे सर्वांत स्वच्छ कळतं. काएझमच्या लगेच वर सुप्राकाएझ्मॅटिक केंद्रक (चेतापेशींचा छोटा गट) आहे. रेटिनाकडून उजेडाची खबर थेट मिळत असल्याने शरीराचं २४ तासांचं घड्याळ तेच लावतं. जवळच्याच सुप्राऑप्टिक केंद्रकातल्या पेशी वॅसोप्रेसिन बनवतात, ते देठातून पिट्युटरीच्या मागच्या भागात उतरतं आणि मूत्रपिंडांना पाणी राखायला लावतं. म्हणूनच या जागेतली गाठ एकाच वेळी बाजूची नजर कमी करू शकते आणि भरमसाट लघवीही लावू शकते. ममिलरी बॉडी सुकलेली, तपकिरी दिसली तर थायमिनच्या (बी१ जीवनसत्त्वाच्या) दीर्घ अभावाचा विचार करा. त्या रोगात स्मृती जाते.

मागे ऑक्सिपिटल लोबमध्ये कॅल्केराइन सल्कस आडवी कापून बघा. करड्या कॉर्टेक्सच्या मधोमध केसाएवढी पांढरी रेघ दिसते. फ्रान्चेस्को जेनारी यांना ती १७७६ मध्ये नुसत्या डोळ्यांनी दिसली होती. भिंग तिरपं धरा आणि कापलेला भाग ओला ठेवा. रेघ जिथे संपते तिथे प्राथमिक दृष्टीकेंद्र संपतं. कॉर्टेक्सची हद्द सूक्ष्मदर्शकाशिवाय इतकी नेमकी दिसण्याची संधी दुसरीकडे फारशी मिळत नाही.

आता चकत्या. मध्यमेंदू आडवा कापून मेंदूचं खोड आणि लहान मेंदू वेगळे करा. चकत्यांसाठी ठेवलेला गोलार्ध सपाट बाजूवर ठेवा. पहिला काप, मधल्या छेदाला काटकोनात उभा, ममिलरी बॉडीतून घ्या, मग दोन्ही बाजूंना १ सेंटिमीटरच्या चकत्या. प्रत्येक चकतीची पुढची बाजू एकाच दिशेने मांडा.

ममिलरी बॉडीच्या चकतीवर बाहेरून आत चालत या: इन्सुलाचा (लॅटरल सल्कसच्या तळाशी लपलेला) कॉर्टेक्स, पांढरी पट्टी, क्लॉस्ट्रमची बारीक करडी रेघ, पुन्हा पांढरी पट्टी, पुटामेन, त्याहून फिकट ग्लोबस पॅलिडस, मग रुंद पांढरी इंटर्नल कॅप्सूल, थॅलॅमस, आणि शेवटी तिसरी पोकळी. हा क्रम पक्का झाला की निम्मं काम झालं. इंटर्नल कॅप्सूलच्या आत थॅलॅमस आणि कॉडेट, बाहेर पुटामेन आणि पॅलिडस. हे कधी उलटत नाही. मोठ्या कॉर्टेक्समधून खाली उतरणारे हालचालींचे तंतू या चिंचोळ्या वाटेत दाटीने येतात, त्यामुळे इथला एक सेंटिमीटरचा इन्फार्क्टही (रक्तपुरवठा तुटून मेलेला भाग) विरुद्ध बाजूचा चेहरा, हात आणि पाय एकदम लुळे पाडू शकतो. थॅलॅमसच्या खाली, कॅप्सूलच्या आतल्या कडेला भिंगाच्या आकाराचं सबथॅलॅमिक केंद्रक असतं. त्याला इजा झाली तर उलट परिणाम दिसतो: विरुद्ध बाजूचा हात-पाय आपोआप जोरात फेकला जातो.

अँटिरिअर कमिशरच्या पुढच्या चकतीत थॅलॅमस नसतो. तिथे कॉडेटचं डोकं बाजूच्या पोकळीत फुगलेलं दिसतं. कॉडेट आणि पुटामेन यांच्यामध्ये कॅप्सूल आहे, तिच्यातून करडे पूल आरपार जातात, आणि तळाशी दोन्ही एक होतात. ती जोडणीची जागा म्हणजे न्यूक्लिअस अक्युम्बन्स, प्रेरणा आणि बक्षिसाच्या ओढीशी संबंधित. हंटिंग्टनच्या आजारात कॉडेटचा फुगवटा सपाट होतो आणि पोकळी रुंद दिसते.

टेम्पोरल लोबमध्ये अमिग्डाला आणि हिप्पोकॅम्पस यांची अदलाबदल सर्रास होते. नुसता भरीव करडा गोळा दिसला तर अमिग्डाला, भीती आणि धोक्याची नोंद घेणारा. त्याच्या मागच्या चकतीत पोकळीची फट आणि तिच्या तळाशी गुंडाळलेली करडी वळकटी दिसली तर हिप्पोकॅम्पस. हेन्री मोलायझन यांच्या दोन्ही बाजूंचा हा भाग १९५३ मध्ये अपस्मारासाठी काढला गेला. त्यानंतर नव्या घटना त्यांच्या लक्षात राहीनात, पण हाताचं नवं कौशल्य सरावाने येत होतं. एकाच शस्त्रक्रियेतून कळलं की स्मृती एकाच जागेत साठत नाही.

मागच्या चकत्यांत कॉडेट दोनदा दिसला तर गोंधळू नका. कॉडेट, बाजूची पोकळी, फॉर्निक्स ही सगळी इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली असल्याने एकाच छेदात वर आणि खाली अशी दोनदा कापली जातात. खालच्या पोकळीच्या छतावरचा बारीक करडा ठिपका म्हणजे कॉडेटची शेपटी. थॅलॅमसच्या मागच्या टोकाखाली दोन उंचवटे असतात. काएझमपासून ऑप्टिक ट्रॅक्टचा माग काढत गेलात तर बाहेरच्या उंचवट्यावर पोचता, तो दृष्टीचा; आतला ऐकण्याचा. वास सोडून बाकी सगळ्या संवेदना कॉर्टेक्सकडे जाताना थॅलॅमसमध्ये थांबतात.

चकत्यांशेजारी एमआरआयच्या प्रतिमा ठेवून जुळवणी करा, पण प्रतिमेच्या डाव्या हाताला रुग्णाची उजवी बाजू असते हे आधी कागदावर लिहून ठेवा. काम झालं की प्रत्येक चकती आणि निघालेला प्रत्येक तुकडा मोजून त्याच डब्यात परत ठेवा. देहदानातून आलेल्या मेंदूचा एकही अंश कचऱ्यात जाता कामा नये.