ज्युनिअरला उत्तर देण्याआधी एक प्रश्न विचारा

नवी स्टाफ नर्स विचारते, ‘सिस्टर, बीपी ९०/६० आलंय, काय करू?’ पेशंट नीट बोलत असेल, हातपाय गरम असतील, तर लगेच उत्तर देऊ नका. ‘तुला काय वाटतं? कशावरून?’ एवढंच विचारा. आधीचं बीपी, नाडी, लघवीचं प्रमाण तिनं पाहिलंय का, ते तिथंच कळतं. पेशंटला घाम फुटलाय, गुंगी आहे? मग शिकवणी नंतर, आधी डॉक्टरांना बोलवा.

शाबासकी नेमकी द्या: ‘बीपीचा कफ (दंडाला गुंडाळायचा पट्टा) मोठा होता हे ओळखलंस, बदलून पुन्हा मोजलंस.’ नुसत्या ‘छान’मधून (आपल्याकडे तेवढंही क्वचितच मिळतं) काहीच कळत नाही. चूक घडत असेल तर तिथंच थांबवा. समजावणं मात्र ड्यूटी रूममध्ये, नातेवाइकांसमोर नको.