'ऑरगॅनिक', 'इको-फ्रेंडली' बघून घेताय? या चुका टाळा

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक आधी. पिशवीवर 'बायोडिग्रेडेबल' लिहिलंय म्हणजे घरच्या कंपोस्टमध्ये तिची माती होणार, असं धरून चालणं. ओळखीतल्या एकीने नवीनच कंपोस्टिंग सुरू केलेलं, उत्साह एवढा की ओला कचरा त्या हिरव्या पिशवीसकटच डब्यात. मी म्हटलं मागचं बारीक अक्षर वाच आधी, तर म्हणे पुढे एवढं ठळक लिहिलंय की! काही महिन्यांनी खत चाळायला घेतलं तर नुसत्या चिंध्या, त्याही इतक्या बारीक की वेचता येईनात. कंपनीचं उत्तर काय, तर 'योग्य परिस्थितीत' विघटन होतं. योग्य म्हणजे कुठली, ते गुलदस्त्यात.

अहो, पीएलए (मका-उसासारख्या पिकांपासून बनणारं प्लास्टिक) सारख्या प्लास्टिकला ६० अंशाच्या आसपास उष्णता टिकून लागते, ती इंडस्ट्रियल प्लांटमध्ये मिळते, तुमच्या डब्यात नाही. ईएन १३४३२ हे युरोपियन स्टँडर्डसुद्धा इंडस्ट्रियल कंपोस्टिंगसाठीच आहे. आणि 'ऑक्सो-डिग्रेडेबल' तर हातही लावू नका, ते साधंच प्लास्टिक, फक्त लवकर तुकडे पडावेत म्हणून त्यात केमिकल घातलेलं, युरोपियन युनियनने २०२१ पासून बंदी घातलीये त्यावर. मी 'होम कंपोस्टेबल' आणि सोबत सर्टिफिकेट नंबर असेल तरच घेते, तो नंबर सर्टिफिकेट देणाऱ्यांच्या साइटवर टाकून बघते. पण लोकांना तेवढाही धीर नाही, बारकोड स्कॅन करून मार्क देणारं ॲप हवं.

दुसरी चूक, 'ऑरगॅनिक' शब्दावर भाळणं. अमेरिकेत खाण्याच्या पदार्थावर यूएसडीएचा (म्हणजे तिथल्या कृषी खात्याचा) ऑरगॅनिक शिक्का हवा तर पाणी आणि मीठ सोडून निदान ९५% घटक ऑरगॅनिक लागतात. ७०% असतील तर 'ऑरगॅनिक घटक वापरून बनवलेलं' एवढंच लिहिता येतं, शिक्का नाही. पण शाम्पू-क्रीमसाठी तिथल्या एफडीएने (अन्न, औषधं नि कॉस्मेटिक्सवर देखरेख करणारी सरकारी संस्था) या शब्दाची व्याख्याच केलेली नाही, त्यामुळे बाटलीवर मोठ्ठं ऑरगॅनिक आणि घटकांच्या यादीत पार तळाशी कोरफड, असले प्रकार चालतात. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते (१ टक्क्याखालचे घटक कसेही लिहितात), म्हणून मी पहिले पाच वाचते नि ठरवते.

बाकीच्या किरकोळ:

'सीएफसी-फ्री' (सीएफसी म्हणजे ओझोनचा थर विरवणारे वायू) बघून खूश होऊ नका, ओझोन वाचवायच्या माँट्रियल करारामुळे सीएफसी कधीच हद्दपार झालेत.

प्लास्टिकवरच्या त्रिकोणातला आकडा म्हणजे प्लास्टिकचा प्रकार, रिसायकल होईलच असं नाही.

'केमिकल-फ्री' लिहिलेलं सरळ खाली ठेवा, पाणीसुद्धा केमिकलच आहे.

'कार्बन न्यूट्रल' दिसलं की विचारा, उत्सर्जन कमी केलं की नुसते ऑफसेट (दुसरीकडे कुणीतरी कमी केलेल्या उत्सर्जनाचं श्रेय) विकत घेतले? बहुतेक वेळा उत्तरात झाडांचे फोटो येतात.