पायाने चालणारा जुना मेटल लेथ पुन्हा कसा चालू करायचा

असा लेथ (धातूचा तुकडा फिरवत ठेवून टूलने कापायचं यंत्र) हाती लागला की बहुतेकांना आधी मोटर बसवायचं सुचतं. प्लीज, लगेच नका बसवू. बिडाच्या जुन्या भागाला मोटरसाठी पाडलेलं भोक कधीच परत भरत नाही, आणि पायावर चालणाऱ्या लेथमध्ये जो कंट्रोल मिळतो तो एकदा तरी अनुभवा, मग काय ते ठरवा. अमेरिकेत रॉकफर्डच्या बार्न्स कंपनीचे काही लेथ तर सीटवर बसून दोन्ही पायांनी सायकलसारखे मारायचे, इंग्लंडमध्ये गिल्डफर्डच्या ड्रमंडचा बेड (ज्यावर लेथचे बाकी भाग बसतात तो लांब आडवा भाग) चक्क गोल दांड्यासारखा, आणि बाकी बरेचसे उभं राहून एका पायाने पॅडल दाबायचे. पण रिपेअरचं सूत्र सगळ्यांना एकच: मशिनमध्ये जिथे जिथे घर्षण आहे तिथे तिथे तुमच्या पायाची ताकद वाया जाते.

हलवताना आधी टेलस्टॉक (जॉबचं दुसरं टोक धरणारा भाग), चक (जॉब पकडून फिरणारा भाग), चेंज गिअर (आटे पाडताना बदलायचे गिअर) काढून घ्या आणि शक्य असेल तर बेड मशिनच्या पायांवरून वेगळा करा. बीड ठिसूळ असतं, वाकत नाही, थेट तुटतं, म्हणून मशिनचे पाय जमिनीवरून ओढत न्यायचे नाहीत आणि अडकलेल्या भागावर हातोडा तर अजिबात नाही. अडकलंय तिथे पातळ तेल सोडा, एक-दोन दिवस थांबा, थोडं गरम करा, परत तेल, असं धीराने.

साफ करायला रॉकेल, ब्रश आणि पितळेची पट्टी पुरे. बेडवर पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर फिरवू नका, कारण गंज जाईल पण सरळपणाही जाईल आणि तो परत आणणं फार अवघड. जुन्या रंगात शिसं असू शकतं म्हणून रंग कोरडा घासायचा नाही. उघडण्याआधी प्रत्येक भागाचा फोटो काढा, शिम (फटीत घातलेल्या पातळ पट्ट्या) कुठल्या बाजूला किती आहेत ते लिहून ठेवा. स्क्रू हरवला म्हणून हाताला येईल तो मेट्रिक बोल्ट दाबून बसवायचा नाही, जुन्या ब्रिटिश मशिनमध्ये बरेचदा व्हिटवर्थ (इंचातले जुने ब्रिटिश माप) आटे असतात, आधी थ्रेड गेज (आटे मोजायची दातेरी पट्टी) लावून बघा.

आता खरं काम. पट्टा काढा, कनेक्टिंग रॉड (पॅडल आणि क्रँक जोडणारा दांडा) सोडवा, फ्लायव्हीलला (खालच्या जड चाकाला) हाताने एक ढकल द्या आणि ते थांबेपर्यंत सेकंद मोजा. हा आकडा लिहून ठेवा, साफसफाई आणि ऑइलिंग झाल्यावर परत मोजा, वाढला पाहिजे. स्पिंडलचंही (चक फिरवणाऱ्या मुख्य दांड्याचंही) तसंच. बेअरिंग साधी असतात, ऑइल होलमधून तेल टाकायचं, ग्रीस नाही, आणि भोकात जुना मळ घट्ट बसलेला असतो तो तारेने काढल्याशिवाय वरून कितीही तेल ओता खाली पोचत नाही. स्पिंडल हाताने हलकं फिरलं पाहिजे पण चक धरून वर उचलल्यावर खडखडता कामा नये. बेअरिंग चिरेची (फट ठेवून दोन भागांत कापलेली) असेल तर शिम कमी करून प्ले (सैलपणा) काढता येतो, पण एका वेळी अगदी थोडं, नाहीतर आवळून बसतं.

लेदरचा सपाट पट्टा असेल तर गुळगुळीत बाजू पुलीकडे ठेवायची. ताण जेमतेम, पट्टा घसरणार नाही एवढाच. जास्त ताणला की बेअरिंगवर लोड येतो आणि दहा मिनिटांत पोटऱ्या भरून येतात, बरेच लोक इथेच कंटाळून सोडून देतात.

चालवायला शिकताना जॉब (कापायचा धातूचा तुकडा) न लावता नुसतं पॅडल मारा. क्रँक अगदी वर किंवा अगदी खाली असेल तर पाय दाबून काही होत नाही, म्हणून हाताने पट्टा ओढून क्रँक वरच्या टोकाच्या थोडं पुढे आणायचं आणि मग दाबायचं. दिशा चुकली की स्पिंडल उलटं फिरतं, आणि चक आट्यांवर बसवलेलं असेल तर ते सैल होऊन निघू शकतं, त्यामुळे पहिले काही दिवस चकजवळ तोंड नेऊ नका आणि गॉगल कायम.

स्पीडचा हिशोब सोपा आहे. समजा फ्लायव्हील ६०० मिमी आणि स्पिंडलची पुली १५० मिमी, म्हणजे चौपट, मिनिटाला ६० वेळा पॅडल मारलं की स्पिंडल २४० आरपीएम. २५ मिमीच्या एमएस (साधं मऊ पोलाद) जॉबवर कापण्याचा वेग साधारण १९ मीटर प्रति मिनिट होतो, एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलला छान. ७५ मिमीच्या जॉबला हाच वेग साधारण ५७ मीटरवर जातो, टूलही जळेल आणि पायही थकतील, तिथे बॅक गिअर (स्पिंडलचा वेग कमी करणारे गिअर) लावायचा. कार्बाइड टिप इथे नकोच, तिला वेग आणि मजबुती दोन्ही लागतात. एचएसएस बिट घ्या, वरचा उतार चांगला ठेवा आणि ऑइल स्टोनवर धार अशी काढा की नखावर टेकवली तर घसरणार नाही. बोथट टूल मोटरच्या लेथवर चालून जातं, इथे लगेच पायाला कळतं. पहिला कट पाव मिमीचा, फीड (टूल पुढे सरकवणं) हळू आणि सलग.

आटे पाडताना मात्र या लेथची खरी मजा येते. लीड स्क्रू (टूल ठराविक वेगाने सरकवणारा लांब आट्यांचा दांडा) ८ टीपीआयचा (इंचाला ८ आटे) असेल आणि १६ टीपीआय हवे असतील तर स्पिंडलवर ३० दात, लीड स्क्रूवर ६०, मधे कुठलाही आयडलर (दोघांना नुसता जोडणारा गिअर). मग जॉबच्या खांद्याजवळ (जिथे जाडी एकदम वाढते तिथे) आलं की पाय हळू करत करत अगदी शेवटच्या आट्यावर थांबायचं. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा त्याच दांड्यावर परत परत नुसते आटेच पाडत बसलो होतो.

काम झालं की कीस ब्रशने काढा, हाताने नाही, बेडवर तेलाचा पातळ हात फिरवा आणि बरेच दिवस वापरणार नसाल तर पट्टा उतरवून ठेवा.