फ्यूज परत परत उडतोय? आधी बल्ब लावा

जुन्या गाडीचा फ्यूज दोनदा उडाला की माणसं १० अँपिअरच्या जागी ३०चा बसवतात, नाहीतर तांब्याची तार गुंडाळून मोकळी होतात. कृपा करून हे करू नका. फ्यूज जळला नाही तर वायर जळते, आणि डॅशबोर्डखाली पेटलेली वायर विझवायला हात पोचत नाही.

फ्यूज कधी उडतो, ते आधी बघा. चावी फिरवताच, पार्किंग लाइट लावल्यावर, की फक्त खड्ड्यात गाडी आदळल्यावर? खड्ड्यात उडत असेल तर कुठलीतरी वायर हलून बॉडीला लागतेय. निम्मा शोध इथेच लागतो.

मग इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब घ्या, होल्डरला दोन वायरी जोडा आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी त्या खोचा. त्या लाइनवरचे सगळे बल्ब आणि मोटरचे सॉकेट काढून ठेवा, नाहीतर त्यांच्यामुळेही हा बल्ब मंद पेटेल. आता स्विच लावा. बल्ब लख्ख पेटला तर शॉर्ट आहेच. बल्बमधून दोन अँपिअरही जात नाहीत, त्यामुळे वायर तापायची भीती नाही; निवांत शोधा. एकेक कनेक्टर सोडवत चला. जो सोडवल्यावर बल्ब विझतो, त्याच्या पुढे दोष. मग तेवढाच वायरींचा जुडगा हाताने हलवत जा. बल्ब लुकलुकला की तिथेच थांबा. एअरबॅगच्या वायरींवर मात्र हा प्रयोग कधीच करायचा नाही.

गोव्यात आमच्या डिचोलीकडे मी पहिला हात डिकीच्या बिजागरीपाशी घालतो. झाकण उघडून-मिटून तिथलं इन्सुलेशन तडकतं आणि वायर जाते त्या भोकातला रबरी बुश निसटला की पत्र्याची धार थेट तांब्याला लागते. टेप सोलला की काळवंडलेला डाग दिसतो. दुसरी जागा बोनेटखाली, बॅटरीच्या मागे: भाताची कापणी झाली की शेताजवळ उभ्या गाड्यांत उंदीर शिरतात. कुरतडलेल्या तारेची टोकं पत्र्याला टेकलेली मी कितीदा पाहिलीत. किनाऱ्याकडच्या गाड्यांत टेल लॅम्पचे सॉकेटही उघडून बघा, खाऱ्या दमट हवेने आत हिरवा गंज धरतो.

एक गल्लत टाळा. ब्रेक दाबल्यावर पार्किंग लाइट मिणमिणत असेल आणि फ्यूज शाबूत असेल, तर बहुधा तो शॉर्ट नसतो, अर्थ (दिव्याची बॉडीला बोल्टने जोडलेली निगेटिव्ह वायर) गेलेला असतो. त्या बोल्टखालचा गंज घासून पत्रा चकचकीत करा.

जागा सापडली की बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पावसाळ्यात नुसता टेप सुटतो, म्हणून तुटका भाग कापून झाळा, वर स्लीव्ह चढवा, नवा रबरी बुश बसवा. बॅटरी जोडून त्याच बल्बने पुन्हा तपासा, डिकी उघडून-मिटूनसुद्धा. बल्ब पेटला नाही तरच काढलेलं सगळं जोडा आणि फ्यूज बॉक्सच्या झाकणावर लिहिलेल्या अँपिअरचाच फ्यूज घाला.